डाव्या मुठीचे लाकूड

पेजेचा पेला पुढे करणारा मेमुनाचा हात मध्येच थांबला, तेव्हा मामे बिरागोच्या ध्यानात आले की आपण डावा हात पुढे केला आहे.

"मामे!" मेमुना म्हणाली. "सकाळी सकाळी डावा हात? माझ्याशी भांडण काढायचंय का?" रांगेत मागे उभ्या असलेल्या दोघी हसल्या आणि हसू लगेच आवरून रस्त्याकडे पाहू लागल्या. मामे बिरागोने आपल्या डाव्या हाताकडे पाहिले. तो अजून पुढेच होता. तळवा वर, बोटे किंचित मिटलेली, कुणी अनोळखी माणसाने तिच्या खांद्यामागून पुढे करावा तसा. तिने तो मागे घेतला, उजवा पुढे केला, आणि पेल्याभोवती बोटे नीट मिटली आहेत की नाहीत हे डोळ्यांनी तपासून घेतले. पेला गरम असणार, कारण त्यातून वाफ निघत होती. "माफ कर गं," ती म्हणाली, "लक्ष नव्हतं." मेमुनाने चवळीचे दोन वडे कागदात बांधले. "तुमचं लक्ष नव्हतं? मग आज आमच्यासारख्यांनी घराबाहेरच पडायला नको, मामे."

पेज तिखट होती, सुंठीची होती, रोजच्यासारखी होती. तिने ती उभ्याउभ्याच संपवली. उजवा हात बधिर झाल्याला आता तीन आठवडे होत आले होते आणि ही गोष्ट तिने दवाखान्याबाहेर कुणालाही सांगितली नव्हती. हात हलत होता, मूठ वळत होता, डोक्याचे वस्त्र बांधत होता. फक्त त्याला काही कळत नव्हते. दवाखान्यातल्या परिचारिकेने सुई टोचली, तेव्हा ती बोटात शिरलेली मामे बिरागोने पाहिली. पाहिले नसते तर शिरली हे समजलेही नसते. परिचारिका म्हणाली, वय झालं, रक्तदाब आहे, मीठ कमी करा. तिने मीठ कमी केले. जेवणाची चव गेली, हात होता तसाच राहिला. मग तिने त्याच्यावर डोळे ठेवायची सवय लावून घेतली. नव्या बाईला कामावर घेतल्यावर पहिले काही दिवस ती जशी तिच्या पाठीशी उभी राही, तशीच ती आता स्वतःच्या हाताच्या पाठीशी उभी असे. डाव्यावर लक्ष ठेवायला हवे असे तिला वाटलेच नव्हते. त्याची सोय कधीच लावून झाली होती.

आज दहा वाजता कारखान्यात अपघाताची चौकशी होती. राजधानीतून, आक्राहून, तपासणीच्या बाई येणार होत्या. साहेबांनी निवेदन लिहून ठेवले होते आणि त्याखाली मामे बिरागोची सही हवी होती, कारण मशीनमध्ये जिची बोटे गेली त्या अफ्राकोमाला काम तिने शिकवले होते. नुसती अफ्राकोमालाच नव्हे. केळ्याचे वेफर करणाऱ्या त्या कारखान्यात अकरा वर्षांत जेवढ्या बाया मशीनपाशी उभ्या राहिल्या, त्या सगळ्यांना तिनेच उभे केले होते. बाजारात त्या तिला लांबून ओळखत, पाठीवरचे मूल सावरून किंचित वाकत आणि म्हणत, "मामे, बरं आहे ना?" ती मान हलवी. इतके पुरेसे असे.

साहेब म्हणजे मिस्टर अजेकुम. माणूस वाईट नव्हता. अपघात झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी एका म्हाताऱ्याला बोलावून मशीनच्या पायाशी शांतीसाठी जिन दारू ओतवली, मेंढा कापवला, आणि सगळ्या बायांना अर्धा दिवस सुट्टी दिली. बायांचे म्हणणे असे होते की दिवस गुरुवारचा होता. गुरुवारी जमीन विसावते, कुणी तिला कुदळ लावत नाही, मग त्या दिवशी पाते तरी कशाला फिरवायचे? साहेबांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाले, "बायांनो, गुरुवार दर आठवड्याला येतो. बोटं एकदाच गेली. पात्यात हात घालू नये याला काय शाळा लागते? साधी अक्कल आहे." भिंतीवरही त्यांनी फार पूर्वीच पिवळ्या रंगात लिहून घेतले होते : अक्कल घरी ठेवून कामावर येऊ नका. त्या पाटीखाली बाया आपल्या चपला काढून ठेवत.

साधी अक्कल. मामे बिरागो चालत होती, आणि तिच्या चपलांच्या तालावर ते दोन शब्द तिच्याबरोबर चालत होते. तिला ते शब्द आवडत आले होते. ती स्वतःच ते वापरत आली होती. आत येणाऱ्या प्रत्येक पोरीला ती पहिल्या दिवशी सांगे : नखं कापलेली हवीत, कानात लोंबतं काही नको, आणि हे लोकांच्या तोंडात जायचं अन्न आहे, तेव्हा त्याला लागेल तो उजवाच हात. डावा हात कशासाठी असतो हे तुला तुझ्या आईने शिकवलंच असेल, मी शिकवायला नको. पोरी लाजून हसत. पुढे कधी कुणाला हे दुसऱ्यांदा सांगावे लागले नव्हते. मशीनचे तोंड डाव्या अंगाला होते. बाया मशीनसमोर उभ्या राहत, डावा हात एप्रनच्या खिशात घालत, आणि उजवा हात छातीवरून आडवा नेऊन त्या तोंडात सोललेली केळी सोडत. मशीन एका सुरात बोलत राही, म्हणून त्याला त्या पाद्रीबुवा म्हणत. मशीनबरोबर एक लाकूडही आले होते, केळे आत लोटायचे. त्याची मूठ वाकडी होती. उजव्या हातात ते बसत नसे, फिरत असे, निसटत असे. परदेशी लोकांनी वाकडे लाकूड पाठवले म्हणून बाया हसल्या होत्या, आणि पहिल्याच वर्षी ते कोठीच्या दारात अडसर म्हणून गेले, ते तिथेच होते.

अफ्राकोमाने पहिल्या दिवशी ते तिथून उचलून आणले.

हे तिला आज आठवत होते असे नव्हे. हे तिला तीन आठवडे आठवतच होते. पण आठवणीला काठ नव्हता, आवाज नव्हता, गार पाण्यात पडलेल्या वस्तूसारखी ती तळाशी दिसत होती. बावीस वर्षांची सडपातळ मुलगी. तिने लाकूड धुतले, पुसले, मशीनसमोर उभी राहिली, डाव्या मुठीत ते धरले आणि केळे लोटू लागली. मूठ तिच्या तळव्यात अशी बसली होती की जणू माप घेऊन घडवली होती. बाकीच्या बाया थांबून बघत राहिल्या. आणि मामे बिरागो मागून आली, आणि तिने त्या मनगटावर फटका मारला. फार जोराचा नाही. माशी हाकलावी तेवढा. "लोकांना डाव्या हातानं खायला घालतेस का गं? घरी असंच वाढतेस पाहुण्यांना?" मुलगी इतकी शरमली की तिच्या डोळ्यांत पाणी आले. "चुकलं, मामे," ती म्हणाली. "माझा हातच उलटा आहे." "उलटा हात सुलटा होतो," मामे बिरागो म्हणाली. "मनावर घेतलं की होतो." तेव्हा ती हे कुठल्या आधारावर बोलली, हे तिला तेव्हा समजले नव्हते.

चार महिने अफ्राकोमाने मनावर घेतले. डावा हात खिशात घालून ती उजव्या हाताने केळी सोडी. सावकाश, अडखळत, लिहायला शिकणाऱ्या मुलासारखी जीभ दातांत धरून. त्या गुरुवारी एक केळे मशीनच्या तोंडात आडवे अडकले. तिने ते बोटाने लोटले. लाल बटण मशीनच्या उजव्या अंगाला होते. उजवा हात आत होता. डावा खिशातून बाहेर यायला, आडव्या पसरलेल्या उजव्या दंडाखालून पलीकडे जायला आणि बटण शोधायला जेवढा वेळ लागला, तेवढ्या वेळात दोन बोटे गेली. किंकाळी फुटली नाही. मुलगी म्हणाली, "मामे," आणि तीही हळूच, काहीतरी विचारायचे असावे तशी. मामे बिरागोने डोक्याचे वस्त्र सोडले, त्या हाताभोवती गुंडाळले, आणि गाडी येईपर्यंत ते मनगट आपल्या दोन्ही हातांनी आवळून धरले. वस्त्र जांभळे होते, म्हणून त्यावर रक्त दिसले नाही. नुसते हाताला ऊनऊन लागत होते. या उजव्या हाताला लागलेली ती शेवटची ऊब.

गेल्या रविवारी प्रार्थनेनंतर मामे बिरागो अफ्राकोमाच्या घरी गेली होती. आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचे, मग काय काम काढलेत ते विचारायचे, ही रीत कुमासी शहरात कुठल्याच घरात चुकत नाही. अफ्राकोमाच उठली. पेला भरून तिने डाव्या हातात घेतला, दोन पावले पुढे आली आणि थांबली. हातात देता येईना. उजव्याला पट्ट्या होत्या. तिने पेला मामेच्या समोरच्या तिवईवर ठेवला, दोन पावले मागे सरली आणि खाली बघत म्हणाली, "तुम्ही घ्या हं तिथून, मामे." तिची आई पोमा, एरवी फटकळ बाई, दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "आता जन्मभर ही असंच तिवईवर ठेवून देणार सगळ्यांना. नवऱ्याला, सासूला. बाजारात पैसे द्यायचे तर जमिनीवर ठेवील बहुतेक." "आई, पुरे ना," अफ्राकोमा म्हणाली. "पुरे काय? तुझे साहेब कागदावर काय लिहितायत ते सांग मामेला." अफ्राकोमाने पट्ट्यांचे सुटलेले टोक आत खोचले. मग म्हणाली, "अक्कल नव्हती म्हणून हात गेला, असं लिहिणारेत म्हणे. भरपाई नको देऊ देत, मामे. पण मला अक्कल नाही, असं नका लिहू देऊ. ते वाचून दुसरीकडे कोण ठेवील मला कामावर?" मामे बिरागो पाणी प्याली. ती म्हणाली, "बघू." घरी येईपर्यंत तिला त्या शब्दाची चव येत होती, बिनमिठाची.

कारखान्याच्या फाटकाशी ती पोचली तेव्हा साडेनऊ झाले होते. तळणाच्या तेलाचा वास आला. चपला काढताना ती पाटीखाली वाकली आणि तिथेच, वाकलेली असतानाच, तिला थोरली मावशी दिसली. दिसली म्हणजे मावशीचा हात दिसला : वाटलेल्या मिरचीने लाल झालेला, लहानग्या बिरागोचा डावा पंजा धरून त्याला मिरची चोळणारा. ती तेव्हा पाच वर्षांची असावी, सहा असेल. वाडग्यात कुटलेल्या कंदाचे फुफू होते, आणि तिचा कुठला हात आधी पुढे गेला होता, हे मिरचीवरूनच सिद्ध होत होते. मावशी रागावलेली नव्हती. मावशी म्हणत होती, "मनावर घेतलं की होतो." नंतर तो हात किती दिवस पाठीशी बांधला होता, कोणत्या फडक्याने, हे तिला आठवेना. इतके मात्र आठवले की एक दिवस फडके सोडले आणि तो हात कुठेच गेला नाही. लोंबत राहिला. मावशीने सगळ्या आळीला बोलावून दाखवले. सत्तावन्न वर्षे तो लोंबत राहिला होता, आणि आज सकाळी तहान लागली तसा पुढे आला होता. मामे बिरागो सरळ झाली. तिला दुःख झाले नाही. भिंतीवरच्या पाटीत एक अक्षर कधीपासून गळलेले आहे हे आज दिसावे, तेवढेच झाले.

तपासणीच्या बाई, मिस लाम्टे, तिशीच्या होत्या. केस आखूड, हातात वही. साहेब त्यांना पुढे घालून मशीनकडे घेऊन आले. बाया ओळीने उभ्या होत्या. "पाद्रीबुवा आज सोवळं नेसलेत," अंट्विवा कुजबुजली. ती बायांतली सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत वाचाळ. मशीन खरोखरच धुऊन पुसून चकचकीत केले होते. मिस लाम्टे म्हणाल्या, "बंदच राहू दे. रोज कसं करता तेवढं मला दाखवा." अंट्विवा पुढे झाली. डावा हात खिशात, उजवा छातीवरून आडवा. मिस लाम्टे पाहत राहिल्या. "पुन्हा करा," त्या म्हणाल्या. अंट्विवाने पुन्हा केले. "तुम्ही हात असा आडवा का नेता?" अंट्विवाने मागे वळून पाहिले, प्रश्न दुसऱ्याच कुणाला असावा असे तिला वाटले. "तोंड तिकडे आहे ना, बाई." "तोंड डावीकडे आहे, तर डाव्या हातानं का घालत नाही?" मग मागच्या दोघी तोंडावर हात ठेवून हसल्या. साहेबही हसले. "मिस लाम्टे, तुमचं आक्रा आता फारच सुधारलं वाटतं! अन्न आहे ते. कुणाच्या आईनं कुणाला डाव्या हातानं भरवलंय? ही तर साधी अक्कल आहे."

"आणि बटण?" मिस लाम्टे म्हणाल्या. "उजवा हात बटणासाठी आहे. अडकलं तर बंद कोण करणार?"

"अडकू द्यायचंच कशाला? अकरा वर्षांत कुणाचं अडकलं नाही. ही पोर मुळात डावखुरी. उजव्या हाताचा सराव नाही, लक्ष नाही. सगळं लिहिलंय निवेदनात." साहेब मामे बिरागोकडे वळले. त्यांचा आवाज मऊ झाला. तिच्याशी बोलताना तो नेहमीच मऊ होई. "मामे, तुम्ही सांगा यांना. तुम्ही शिकवलंयत सगळ्यांना."

सगळ्या तिच्याकडे पाहत होत्या. ते पाहणे तिच्या ओळखीचे होते; त्याच्यावर ती अकरा वर्षे उभी होती. गप्प राहणे मुळीच अवघड नव्हते. निवेदन टेबलावर होते, त्यातले एकही वाक्य धडधडीत खोटे नव्हते, आणि बधिर हातानेही माणसाला आपले नाव लिहिता येते. ती काही ठरवल्याशिवायच कोठीच्या दाराकडे गेली. दाराखालचे लाकूड उपसले. दार मागे आपोआप लागले. मशीनसमोर येऊन तिने ते डाव्या हातात धरले आणि मूठ तळव्यात बसली. सगळी बोटे आपापल्या खाचेत गेली. लाकडाला तेलाचा बुळबुळीतपणा होता, एका बाजूला चीर होती, ती अंगठ्याला टोचली. लाकूड तिने मशीनच्या तोंडाशी नेले. आणि तिचा उजवा हात, कुणी काही न सांगता, मशीनच्या दुसऱ्या अंगाला जाऊन लाल बटणावर पडला. पाठ सरळ होती. कुठेच काही आडवे जात नव्हते.

"अशी उभी होती ती," मामे बिरागो म्हणाली. "पहिल्या दिवशी."

"कोण?" मिस लाम्टेंनी विचारले.

"अफ्राकोमा. तिला कुणी शिकवलं नव्हतं. मशीनकडे बघून तिला समजलं. मी तिच्या हातावर मारलं आणि लाकूड दाराला लावलं."

"मामे," साहेब म्हणाले.

"मी या सगळ्यांना चुकीचं उभं केलं, साहेब. चुकीचं केलं नाही ते त्या एकट्या पोरीनं. तिचा हात मी सुलटा केला, म्हणून गेला." आवाज नेहमीचाच होता, हजेरी घेताना असे तसा. "ते निवेदन फाडा. नवं लिहा. अक्कल नव्हती हे राहू दे हवं तर. पुढे नाव माझं घाला."

साहेबांनी निवेदन फाडले नाही. मिस लाम्टेंनी मात्र वहीचे कोरे पान काढले आणि तिथेच, पिठाच्या पोत्यावर वही टेकून लिहिले, वाचून दाखवले, पेन पुढे केले. मामे बिरागोने ते उजव्या हातात घेतले. पेन बोटांतून निसटून जमिनीवर पडले. अंट्विवाने ते उचलून दिले. पुन्हा पडले. तिसऱ्यांदा तिने ते डाव्या हातात घेतले आणि आपले नाव लिहिले. अक्षरे मोठी आली, पाच वर्षांच्या मुलीची यावीत तशी, आणि ओळीबाहेर गेली. साहेब खिडकीपाशी जाऊन उभे राहिले होते. ते तिकडूनच म्हणाले, "उद्यापासून काय ते आपण नंतर बोलू, मामे." ती म्हणाली, "बोलू." अकरा वर्षांत ते तिच्याशी पाठमोरे कधी बोलले नव्हते.

मिस लाम्टे म्हणाल्या, "आता चालू करा. सगळ्या जणी बरोबर उभ्या राहतात का ते मला पाहायचंय." मशीन बोलू लागले. अंट्विवा पुढे झाली. तिने उजवा हात बटणावर ठेवला, डाव्यात लाकूड घेतले. तिच्या चेहऱ्यावरचे हसू आता गेले होते. डावा हात मशीनच्या तोंडापाशी गेला आणि तिथेच थांबला, जणू त्याला कुणी परक्या घरात ढकलले होते. "मामे, लोक खातात हो हे," ती म्हणाली. "माझी स्वतःची मुलं खातात."

आणि मामे बिरागोने पाहिले की आपला उजवा हात वर गेला आहे. तीन आठवडे ज्याला ऊब कळली नाही, सुई कळली नाही, पेन धरता आले नाही, तो हात अन्नाजवळ आलेले डावे मनगट पाहून अचूक उंचीवर उठला होता; तळवा उघडा, फटक्याला सज्ज. त्याला आपले काम ठाऊक होते. बाया बघत होत्या. अंट्विवाने डोळे मिटून घेतले, पण हात मागे घेतला नाही. मामे मारणार असतील तर ते बरोबरच असणार, असे तिच्या मिटल्या डोळ्यांवर लिहिलेले होते.

मामे बिरागोने डाव्या हाताने आपले उजवे मनगट पकडले. त्या गुरुवारी गाडी येईपर्यंत धरले होते तसेच, तितक्याच जोराने. धरणाऱ्या हाताला नाडी लागत होती. धरलेल्या हाताला काहीच लागत नव्हते. तो कुणाचाही असू शकला असता.

"मामे," अंट्विवाने डोळे न उघडताच विचारले, "घालू?"

"डोळे उघड आधी," मामे बिरागो म्हणाली. "आणि घाल."